कोणासाठीही न थांबणारी गाडी : 'द लास्ट एक्सप्रेस' आणि जॉर्डन मेक्नरचे सर्वांत मोठे काम

जॉर्डन मेक्नर या अमेरिकी गेम डिझायनरचे सर्वांत मोठे काम कोणते, या प्रश्नावर माझे आणि माझ्या थोरल्या भावाचे आजवर एकमत झालेले नाही. दादाचे उत्तर ठरलेले आहे: १९८९चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. बहुतेकांचे उत्तर तेच असेल, आणि नव्वदच्या दशकात मुंबईत ज्यांनी कॉम्प्युटरचा क्लास लावला होता त्यांचे तर नक्कीच तेच असेल. माझे उत्तर मात्र 'द लास्ट एक्सप्रेस' हे आहे. हा गेम १९९७ साली आला, बाजारात सपशेल आपटला आणि तरीही आज स्टीम व जीओजी या गेम विकणाऱ्या दोन्ही संकेतस्थळांवर विकत मिळतो. गेल्या महिन्यात मी तो पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळले आणि त्या निमित्ताने हे परीक्षण लिहीत आहे. पण दादाची बाजू नीट मांडल्याशिवाय माझी बाजू मांडणे हा त्याच्यावर आणि त्या जुन्या गेमवर अन्याय होईल, म्हणून सुरुवात राजपुत्रापासूनच करते.

दादरला छबिलदास गल्लीत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचा क्लास होता. खोलीत एसी असल्यामुळे आणि धूळ आत जाऊ नये म्हणून चपला दाराबाहेर काढाव्या लागत. बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेचा धडा संपला की शेवटची दहा मिनिटे सर आम्हाला 'प्रिन्स' खेळू देत. एका कॉम्प्युटरवर दोघे बसायचे असल्याने आमची वाटणी ठरलेली होती: बाणांच्या कळा दादाकडे आणि शिफ्टची कळ माझ्याकडे. ज्यांनी तो गेम खेळला आहे त्यांच्या लगेच लक्षात येईल की ही वाटणी काही साधी नव्हती. राजपुत्राला कड्याच्या टोकापर्यंत जपून एकेक पाऊल टाकायला लावायचे तर शिफ्ट, उडी तोकडी पडल्यावर समोरची कड पकडायची तर शिफ्ट, आणि तलवारीचा वार करायचा तरी शिफ्टच. माझे बोट क्षणभर उशिरा पडले की राजपुत्र खालच्या सुळ्यांवर जाऊन पडायचा आणि दादा काही न बोलता माझ्याकडे नुसता बघायचा.

त्या पडण्याला वजन होते, आणि दादाच्या युक्तिवादाचा पाया तोच आहे. त्या काळच्या इतर गेममधली पात्रे कळ दाबताच उडायची आणि हवेतल्या हवेत दिशा बदलायची. मेक्नरचा राजपुत्र माणसासारखा धावायचा. धावता धावता थांबायला त्याला दोन पावले जास्त लागायची आणि एकदा उडी घेतली की ती मागे घेता यायची नाही. यासाठी मेक्नरने १९८५ साली आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका मोकळ्या वाहनतळावर धावायला, उड्या मारायला आणि भिंतीवर चढायला लावले, त्याचे व्हिडिओ चित्रण केले आणि त्यातली एकेक चौकट हाताने रेखून कॉम्प्युटरमध्ये उतरवली. या पद्धतीला रोटोस्कोपिंग म्हणतात. १९८४च्या 'कराटेका'मध्ये त्याने ती आधीच वापरून पाहिली होती, आणि तो गेम त्याने येल विद्यापीठात शिकत असताना केला होता. 'कराटेका' आणि 'प्रिन्स' या दोन्हींचे संगीत त्याच्या वडिलांनी दिले. राजपुत्राच्या उडीमागे एका सख्ख्या भावाची खरी उडी आहे, हे कळले तेव्हा दादाला झालेला आनंद मला अजून आठवतो.

आता सावलीविषयी. ॲपल टू या कॉम्प्युटरची स्मृती इतकी अपुरी होती की राजपुत्राच्या आकृत्या भरून झाल्यावर तितक्याच देखण्या दुसऱ्या पात्रासाठी तीत जागाच उरली नव्हती. टोमी पिअर्स ही त्याची सहकारी मैत्रीण गेममध्ये लढाई हवीच म्हणून आग्रह धरत होती. तेव्हा मेक्नरने राजपुत्राच्याच आकृतीचे ठिपके उलटसुलट करून त्याची एक झगमगती सावली तयार केली. चौथ्या लेव्हलमध्ये राजपुत्र आरशातून आरपार उडी मारतो आणि ही सावली त्याच्यापासून वेगळी होऊन निघून जाते. पुढे ती त्याचे औषध पिऊन टाकते, त्याच्या तोंडावर दार बंद करते, आणि अखेर बाराव्या लेव्हलमध्ये तलवार उपसून त्याच्यासमोर उभी राहते. तिच्यावर वार केला की आपलेच रक्त कमी होते. उपाय एकच असतो: तलवार म्यान करायची आणि तिच्या दिशेने चालत जायचे. मग दोघे पुन्हा एक होतात. ही गोष्ट गेममध्ये कोठेही शब्दांत सांगितलेली नाही. क्लासमधल्या मोठ्या मुलांनी आम्हाला गेम सुरू करण्याच्या 'प्रिन्स' या आज्ञेपुढे 'मेगाहिट' हा शब्द टाइप करून लेव्हली ओलांडायला शिकवले होते, पण ही लेव्हल तशी ओलांडायला दादाने साफ नकार दिला. तलवार म्यान करण्याची कल्पना त्याला स्वतःला सुचली, आणि त्या दिवशी घरी परतताना तो कबुतरखान्यापर्यंत एक शब्दही बोलला नाही.

तेव्हा दादाचे म्हणणे असे: एका माणसाने एकट्याने आज्ञावली लिहिली, चित्रे काढली, खेळाडूला दिलेल्या साठ मिनिटांच्या मुदतीत बारा लेव्हली बसवल्या आणि यंत्राच्या अपुरेपणातून एक रूपक घडवले, याहून मोठी निर्मिती कोणती असू शकते? मी हे सगळे मान्य करते. माझा मतभेद पुढच्या एका मुद्द्यावर आहे. 'प्रिन्स'मधले जग राजपुत्रासाठी थांबलेले असते. पहारेकरी आपल्या खोलीत उभा असतो आणि आपण त्या खोलीत पाऊल टाकेपर्यंत त्याला स्वतःचे असे आयुष्य नसते. साठ मिनिटांचे घड्याळ चालते, पण ते एकट्या राजपुत्राचे घड्याळ असते.

'द लास्ट एक्सप्रेस'मध्ये घड्याळ सगळ्यांचे आहे.

गेम सुरू होतो तो पॅरिसमध्ये, २४ जुलै १९१४च्या संध्याकाळी. ओरिएंट एक्सप्रेस कॉन्स्टँटिनोपलकडे निघाली आहे. रॉबर्ट कॅथ हा तरुण अमेरिकी डॉक्टर पोलिसांपासून लपत, धावत्या मोटारसायकलवरून गाडीवर उडी घेतो, कारण टायलर व्हिटनी या मित्राने त्याला निकडीने बोलावलेले असते. तो व्हिटनीच्या कूप्यात जातो तर तेथे व्हिटनीचा खून झालेला असतो. येथून पुढे सगळे आपल्या हाती. प्रेत तसेच ठेवले तर डब्याचा कंडक्टर ते पाहणार आणि खेळ संपणार. म्हणून ते दडवायचे किंवा खिडकीबाहेर टाकायचे, मित्राचा कोट अंगावर चढवायचा आणि त्याच्याच नावाने गाडीत वावरायचे. व्हिटनी कोणाला भेटणार होता, कोणाशी त्याचा कसला सौदा ठरला होता, हे कॅथला ठाऊक नसते आणि आपल्यालाही नसते.

गाडीत सुमारे तीस माणसे आहेत: व्हायोलिन वाजवणारी ऑस्ट्रियन तरुणी ॲना वोल्फ, आउगुस्ट श्मिट हा जर्मन कारखानदार, एक वृद्ध रशियन सरदार आणि त्याची नात तात्याना, तिच्या ओळखीचा एक क्रांतिकारक तरुण, काही सर्बियन प्रवासी, दोन मैत्रिणी, आपल्या लहान मुलाला घेऊन निघालेले एक फ्रेंच जोडपे, आणि गाडीच्या शेवटी स्वतःच्या खासगी डब्यातून प्रवास करणारा क्रोनोस. यांतला प्रत्येक जण आपापल्या वेळेप्रमाणे वागतो. कोणी जेवायला जातो, कोणी धूम्रपानाच्या दालनात वर्तमानपत्र वाचतो, कोणी बोळात उभा राहून खिडकीबाहेर पाहतो, कोणी कूप्याचे दार लावून भांडतो. गेममधली वेळ खऱ्या वेळेच्या सहापट वेगाने धावते आणि कोणासाठीही थांबत नाही. आपण भोजनयानात बसून शेजारच्या टेबलावरचे बोलणे ऐकत असू, तेव्हा शयनयानाच्या बोळात दुसरेच काही घडत असते आणि ते आपल्या हातून सुटते. जे सुटले ते सुटले. कोणीही येऊन त्याचा गोषवारा आपल्याला सांगत नाही.

हे वाचून कोणाला वाटेल की हा नुसता तांत्रिक चमत्कार आहे. मला तो तसा वाटत नाही, आणि याचे कारण माझ्या रोजच्या प्रवासात आहे. गेली अठरा वर्षे मी मुलुंडहून सीएसएमटीला लेडीज डब्यातून जाते. त्या डब्यात मी जितक्या गोष्टी ऐकल्या त्यांतली एकही पूर्ण ऐकलेली नाही. भांडुपला चढणारी एक बाई मैत्रिणीला सांगत असते की सासूने कागदांवर सही करायला नकार दिला, आणि ती पुढे काय म्हणते ते ऐकू येण्याआधी घाटकोपरची गर्दी दोघींच्या मध्ये येऊन उभी राहते. दुसऱ्या दिवशी ती बाई त्याच जागी बसलेली असते, डोळे सुजलेले असतात, पण आज ती बोलत नाही. कोणी 'कुठे उतरणार?' असे विचारते, ती 'भायखळा' म्हणते आणि भायखळ्याला उतरून जाते. तिचे आयुष्य माझ्या प्रवासाभोवती रचलेले नाही, हे मला रोज कळते. गोष्टी सांगणाऱ्या इतर गेममध्ये ही जाणीव मला क्वचितच झाली, कारण तेथे मी पोहोचल्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही. 'द लास्ट एक्सप्रेस'मध्ये मात्र मी शयनयानाच्या बोळातून चालताना बंद दारांमागचे आवाज ऐकते आणि मला माझा डबा आठवतो.

आवाजांवर या गेममध्ये घेतलेली मेहनत अपार आहे. प्रवासी आपापल्या भाषांत बोलतात: फ्रेंच, जर्मन, रशियन, सर्बियन. त्यांतल्या ज्या भाषा कॅथला येतात त्यांचीच सबटायटल्स पडद्यावर दिसतात. बाकीचे संभाषण त्याच्यासारखेच आपल्यालाही नुसत्या सुरावरून ताडावे लागते. चांगले हेडफोन लावून खेळणे म्हणूनच फार आवश्यक आहे. रुळांचा खडखडाट कूप्यात हलका आणि दोन डब्यांच्या सांध्यात मोठा होतो, कंडक्टरला बोलावणारी घंटा कोठून वाजली ते कानाने कळते, आणि तो आपल्या जागेवरून उठला हे ऐकू आले की तेवढ्या वेळात दुसऱ्याच्या कूप्यात शिरून यायचे असते.

एक प्रसंग तपशिलाने सांगते, कारण माझे सगळे म्हणणे त्यावरच उभे आहे. क्रोनोसच्या खासगी डब्यात मैफल ठरते. ॲना व्हायोलिन वाजवणार असते आणि क्रोनोस पियानोवर साथ करणार असतो. सेझार फ्रांकचा सोनाटा वाजणार असतो. प्रवासी जमतात, खुर्च्यांवर बसतात आणि वादन सुरू होते. हे वादन म्हणजे एखादा तुकडा वाजून संपणारे पार्श्वसंगीत नव्हे. ते चालूच राहते. आपण खुर्चीवर बसून ते ऐकू शकतो, आणि आपल्याला माहीत असते की याच वेळी कूपे रिकामे आहेत, बोळात फारसे कोणी नाही आणि झडती घ्यायला याहून चांगली संधी पुन्हा येणार नाही. गेम आपल्याला उठ असे सांगत नाही आणि बसून राहा असेही सांगत नाही. पहिल्या वेळी मी लगेच उठून गेले होते. गेल्या महिन्यात मी बसून राहिले. ॲनाचा चेहरा एका स्थिर चित्रातून दुसऱ्या स्थिर चित्रात विरघळत होता, समोर बसलेल्या माणसांपैकी कोणाचे लक्ष वादनात होते आणि कोणाचे दाराकडे होते हे मी पाहत होते, आणि घड्याळ पुढे सरकत होते. एकही कळ न दाबता बसलेल्या त्या वेळात मला हातातून काहीतरी निसटत असल्याची जी टोचणी लागली, ती 'प्रिन्स'मधल्या कोणत्याही सुळ्यांनी कधी लावली नव्हती.

या मैफलीवर आणखी एक सावली आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला तो २३ जुलैला, म्हणजे ही गाडी निघण्याच्या आदल्या दिवशी, आणि युद्ध पुकारले ते २८ जुलैला. गाडीतल्या जर्मन, रशियन, ऑस्ट्रियन, फ्रेंच, इंग्रज आणि सर्बियन माणसांना एकत्र बसून संगीत ऐकण्याची ही शेवटची वेळ आहे, हे आपल्याला ठाऊक असते आणि त्यांना नसते. मेक्नर आणि टोमी पिअर्स यांनी मिळून लिहिलेल्या या कथेत कोणीही इतिहासाचा पाठ देत नाही. श्मिटला आपल्या मालाच्या सौद्याची चिंता आहे, वृद्ध सरदाराला जुन्या रशियाची, आणि त्या लहान फ्रेंच मुलाला खेळायला कोणीतरी हवे आहे.

चित्रांविषयी थोडेसे. भावाला वाहनतळावर पळवणारी तीच युक्ती येथे फार मोठ्या प्रमाणावर वापरली आहे: नटनट्यांना वेशभूषेसह निळ्या पडद्यासमोर उभे करून चित्रण केले आणि त्यावरून त्या काळच्या आर नूव्हो शैलीतल्या छापील जाहिरातींसारखी ठळक रेषांची, सपाट रंगांची चित्रे तयार केली. हालचाल सलग दिसत नाही, ती चित्राचित्राने पुढे सरकते, आणि नव्या खेळाडूला याची सवय व्हायला अर्धा तास लागतो. ज्याला हे अजिबात रुचणार नाही त्याने गेम घेऊ नये, हे प्रामाणिकपणे सांगते.

उणिवा आणखीही आहेत. मारामारीचे प्रसंग योग्य क्षणी क्लिक करण्यावर बेतलेले आहेत आणि ते दोनचारदा मरून पाठ करावे लागतात. बाकीच्या गेमच्या नजाकतीपुढे ते ओबडधोबड वाटतात. काही ठिकाणी पुढे काय करायचे हे न कळल्याने बोळातून नुसत्या येरझारा घालाव्या लागतात. चित्रे जुन्या पडद्यांच्या मापाची असल्याने मोठ्या मॉनिटरवर ती भुरकट दिसतात. क्रोनोसच्या डब्याकडे आणि गाडीतल्या जनानखान्याकडे पाहणारी नजर पाश्चात्त्य कादंबऱ्यांतून आलेली आहे. पूर्वेकडचा माणूस म्हणजे गूढ आणि श्रीमंत असा जो साचा 'प्रिन्स'च्या इराणात होता तो येथेही पूर्ण सुटलेला नाही. एवढ्या बारकाईने माणसे घडवणाऱ्या कथेत हे मला खटकते.

मेक्नरच्या कामातला तिसरा दावेदार म्हणजे २००३चा 'सँड्स ऑफ टाइम'. त्यातला काळ मागे फिरवणारा खंजीर अनेकांना प्रिय आहे आणि त्याची कथा मेक्नरनेच लिहिली. पण तो गेम घडवला युबिसॉफ्टच्या माँट्रियलमधल्या चमूने आणि त्याचे सर्जनशील दिग्दर्शन पात्रीस देझिले यांच्याकडे होते; मेक्नरच्या एकूण दृष्टीचे ते फळ आहे असे मला म्हणवत नाही. 'द लास्ट एक्सप्रेस'वरही पुष्कळ माणसांनी काम केले, हे दादा मला लगेच सुनावतो. खरे आहे, पण तो घडवणारी कंपनी मेक्नरने याच गेमसाठी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये काढली होती आणि कल्पनेपासून दिग्दर्शनापर्यंत सूत्रे त्याच्याच हाती होती. शिवाय काळ मागे फिरवण्याची कल्पना येथे सहा वर्षे आधीच आलेली आहे. कॅथ मेला किंवा पकडला गेला की आपण पडद्यावरच्या घड्याळाचे काटे मागे फिरवतो आणि गाडी म्युनिकला किंवा व्हिएन्नाला परत जाते. खंजीर चुकलेली उडी दुरुस्त करतो. हे घड्याळ आपल्याला आधी ज्या टेबलापाशी नव्हतो त्या टेबलापाशी बसण्याची संधी देते, आणि त्या संधीची किंमत म्हणून आधी पाहिलेले काहीतरी पुन्हा सोडावे लागते.

गेम विकला गेला नाही याची कारणे त्याच्या गुणदोषांत शोधण्यात अर्थ नाही. तयार व्हायला कित्येक वर्षे आणि काही दशलक्ष डॉलर लागले, आणि प्रकाशनाच्या ऐन तोंडावर प्रकाशक ब्रॉडरबंडच्या विपणन विभागातली माणसे सोडून गेली, त्यामुळे जाहिरात जवळजवळ झालीच नाही. गंमत अशी की 'प्रिन्स'चीही सुरुवात मंदच होती. ॲपल टूचा बाजार संपत आला असताना तो आला आणि इतर कॉम्प्युटरांवर गेल्यानंतरच गाजला. 'एक्सप्रेस'ला तशी दुसरी संधी त्या वेळी मिळाली नाही. ती पुढे, २०१२नंतर, मोबाइल आवृत्त्यांमुळे थोडीफार मिळाली. तरीही माझा सल्ला लॅपटॉपवर खेळण्याचा आहे. साध्यातल्या साध्या लॅपटॉपवरही तो चालतो, आणि रात्री दिवा मंद करून सलग दोन तास बसता येत असेल तरच तो सुरू करावा.

दादाचा शेवटचा आक्षेप असा होता की दुसऱ्यांचे बोलणे ऐकत बसणे म्हणजे खेळ नव्हे. मी त्याला म्हटले, "दादा, तू एकदा खेळ आणि मग बोल." गणपतीच्या सुट्टीत त्याने अखेर गेम घेतला. परवा रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. पहिल्या संध्याकाळी तो एका बंद दाराशी कान लावून उभा राहिला होता आणि भोजनयानात गेलाच नव्हता. "अगं, ॲना आणि तो श्मिट जेवताना काय बोलत होते गं?" त्याने विचारले. मी त्याला उलट विचारले की दारामागे त्याने काय ऐकले, कारण त्या वेळी मी टेबलापाशी बसलेली असल्याने ते दार मी आजवर ऐकलेलेच नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "थांब, सांगू नकोस. मी घड्याळ मागे घेतो," आणि त्याने फोन ठेवला.